देसकारातली पहाट: एका नाट्यसंगीत वर्गाचा दीड वर्षाचा अनुभव

पुण्यात गाण्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी नाट्यपद हा प्रकार भजन आणि भावगीत यांच्या मधोमध, शेवटच्या दहा मिनिटांत, तोंडी लावण्यापुरता शिकवला जातो. मी ज्या वर्गाबद्दल लिहितो आहे तिथे नाट्यपदाखेरीज दुसरे काहीही शिकवत नाहीत. हा वर्ग पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत भरतो, आणि तो चालवणाऱ्या बाई एका माध्यमिक शाळेत तीसेक वर्षे संगीत शिक्षिका होत्या व आजही संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतात. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांच्या तोंडावर एकदा मांडल्या आहेत, तेवढे पुरे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, म्हणजे माझ्या मताचे वजन किती धरायचे ते वाचकाला ठरवता येईल. लहानपणी आठ वर्षे मी ख्याल शिकलो, संगीताच्या ‘मध्यमा’पर्यंतच्या परीक्षा दिल्या, आणि मग विमा कंपनीतल्या नोकरीने गाणे सुटले. बावन्नाव्या वर्षी पुन्हा गावेसे वाटले तेव्हा साध्या वर्गाचा मला कंटाळा आला होता. एका मित्राने या बाईंचे नाव सुचवले. त्याने एकच वाक्य सांगितले होते, ‘तिथे पहिले तीन आठवडे गाऊ देत नाहीत, ते चालणार असेल तर जा.’

मित्राने अतिशयोक्ती केली नव्हती. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेआठ असतो, रविवारी सकाळी दोन तास तालीम असते, एका तुकडीत आठ जण घेतात आणि महिन्याची फी २,२०० रुपये आहे. चार महिने एकच नाटक चालते. आमच्या तुकडीला अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ सालचे ‘सौभद्र’ होते. पहिल्या दिवशी पेटी उघडलीच नाही. बाईंनी नाटकाची प्रत प्रत्येकाच्या हाती दिली आणि नांदीपासून गद्यासह मोठ्याने वाचायला लावले, ज्याच्या वाट्याला जे पात्र येईल ते त्याने वाचायचे, आणि पद आले की ते कवितेसारखे नव्हे तर बोलल्यासारखे म्हणायचे. पात्राने हे पद कोणाला उद्देशून म्हटले आहे, ती व्यक्ती त्या वेळी रंगमंचावर आहे की नाही, आणि पद संपल्यावर पहिले वाक्य कोण बोलते, या तीन गोष्टी प्रत्येक पदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याच आठवड्यात वर्ग सोडला. त्याचे म्हणणे असे की मी गाणे शिकायला पैसे भरले, वाचनालयात बसायला नाही. त्याची बाजू मला त्या वेळी पटली होती, हेही कबूल करतो.

या पद्धतीचा उपयोग कळला तो सुभद्रेच्या ‘वद जाऊ कुणाला शरण’ या पदाच्या वेळी. हे पद आपल्याकडे इतक्या मैफलींत, इतक्या स्पर्धांत गाइले गेले आहे की ‘वद’ हा शब्द आता केवळ उचलीचा सूर होऊन बसला आहे. आमच्या तुकडीत एक चांगल्या तयारीची मुलगी होती. तिने तो शब्द लांबवून, डोळे मिटून, सुरेख लावला. बाईंनी पेटीवरचा हात उचलला आणि तिला विचारले, ‘वद म्हणजे काय गं?’ मुलगी म्हणाली, ‘बोल.’ ‘मग कुणाला म्हणतेस?’ पदातच पुढे ‘सखये’ आहे, सखी शेजारी उभी आहे, आणि आपण तिला ‘सांग’ म्हणत असताना डोळे मिटून घेतो, हे त्या मुलीच्या आणि आम्हा सगळ्यांच्याच तोपर्यंत ध्यानात आले नव्हते. मग बाईंनी दुसऱ्या एका विद्यार्थिनीला सखी म्हणून समोर उभे केले. त्यानंतर तेच पद त्याच सुरांत गाइले गेले, पण पहिल्या शब्दावरचा आलाप आपोआप निम्म्यावर आला, कारण समोरचे माणूस उत्तराची वाट पाहत असताना एवढा वेळ कोणी आलापी करत नाही.

मला स्वतःला जो धडा मिळाला तो याहून कडू होता आणि तो जरा विस्ताराने सांगतो. तुकडी सुरू होण्याआधी उजळणी म्हणून बाईंनी ‘स्वयंवर’ नाटकातले ‘सुजन कसा मन चोरी’ हे पद शिकवले होते. ते भूप रागातले आहे आणि ते रुक्मिणीचे आहे, अजून लग्न न झालेल्या, कृष्णावर मन जडलेल्या रुक्मिणीचे. त्यानंतर ‘सौभद्रा’त माझ्या वाट्याला आले ‘प्रिये पहा’, म्हणजे त्याच रुक्मिणीला लग्नानंतर कृष्णाने म्हटलेले पद. रात्र सरून उषःकाल होतो आहे, तो पाहा, असे तो तिला सांगतो, आणि ते देसकारात बांधलेले आहे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच: षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत. भूपात गंधाराला महत्त्व, गाण्याची वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकारात धैवताला महत्त्व, आणि वेळ सकाळची. हे मी मध्यमाच्या परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहे. तरीही पद गाताना माझा गळा वळून वळून गंधारावर येऊन बसत होता, कारण महिनाभर तोच घोटला होता आणि तो सोयीचा होता.

बाईंनी दोन ओळी ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, तुमच्याकडे पुन्हा संध्याकाळ झाली.’ सगळे हसले. मी पुन्हा सुरुवात केली, धैवत धरून ठेवला, वरच्या षड्जाकडे झुकत राहिलो, आणि राग एकदाचा जागेवर आला, तर त्यांनी पुन्हा थांबवले. या वेळी राग बरोबर होता. मी मात्र समोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहून, हात पसरून गात होतो आणि रुक्मिणी माझ्या पाठीमागे उभी होती. ‘पहा म्हणताय ना तिला? मग तिला दाखवा. आम्हाला उजाडलेलं दिसतंय.’ त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा समजले की भूपाचे देसकार करणे आणि प्रेक्षकांकडची मान रुक्मिणीकडे वळवणे ही दुरुस्ती वेगवेगळी नव्हती. जो माणूस खिडकीबाहेर खरोखर पहाट पाहतो आहे आणि शेजारच्या बायकोला ती दाखवतो आहे, त्याचा आवाज वरच्या अंगाला जातोच. दहा वेळा वादी-संवादी, म्हणजे रागातले महत्त्वाचे स्वर, घोकून जे बसले नव्हते, ते मान वळवल्यावर बसले.

अशा तऱ्हेने शिकवणारी बाई मुळात शिक्षिका आहे की रंगभूमीवरची कलावंत, हा प्रश्न आपल्याला आज पडतो; संगीत नाटकाच्या ऐन भरात तो कोणाला पडला नसता. गायक आणि संगीतकार भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत नट होते, ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्यांनी कैकेयी केली, आवाज फुटल्यावर ते तेथून बाहेर पडले आणि फैज महंमद खाँ, नत्थन खाँ अशा उस्तादांकडे शिकले. पुढे १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला आणि १९१६ साली ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे दोघेही त्यांचे शिष्य. वर्ग, मैफल आणि नाटक ही तीन वेगळी घरे आहेत असे त्या माणसाच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही. त्यांना पेटीची साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि नंतर स्वतः तोंडाला रंगही लावला. मराठीत ‘तालीम’ हा शब्द उस्तादाकडच्या शिक्षणालाही चालतो आणि नाटकाच्या सरावालाही चालतो; आमच्या वर्गाच्या दारावर रविवारपुढे नुसते ‘तालीम’ असे लिहिले आहे आणि दोन्हींतली कोणती, असे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

बाई मूळच्या गोव्याच्या, फोंड्याकडच्या. तिकडे देवळांच्या उत्सवांत गावातली हौशी मंडळी अजूनही संगीत नाटके करतात, आणि बाहेरून आलेल्या साथीदाराला अनेकदा एक-दोन तालमींवर संपूर्ण नाटक वाजवावे लागते. समोरचा नट कोणत्या पट्टीत उचलेल, कुठली ओळ गाळेल, कुठे ठेका चुकवून एक आवर्तन पुढे जाईल, याचा भरवसा नसतो. बाईंचा कान अशा ठिकाणी तयार झाला आहे आणि वर्गात ते पदोपदी जाणवते. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा माझा षड्ज, पांढरी दोन, आणि माझ्यासमोर उभी राहणारी रुक्मिणी पांढरी पाचमध्ये गाणारी. एकाच प्रवेशात दोघांची पदे पाठोपाठ आली की दर वेळी पट्टी बदलल्याने ऐकणाऱ्याच्या कानाला धक्का बसतो. बाईंनी आम्हाला दाखवले की माझा मध्यम हाच तिचा षड्ज आहे. माझे पद संपताना मी मध्यमावर रेंगाळलो की तिला वेगळा सूर द्यावा लागत नाही, तिचा षड्ज तिला माझ्या गळ्यातून मिळतो. आता तो मध्यम माझ्या रागात चालतो का, हा प्रश्न येतोच, कारण देसकारात मध्यम वर्ज्य आहे. तेव्हा त्या पदापुरती ती वाट बंद, तिथे ऑर्गनच मधला सूर भरून काढील, असे त्यांनी वहीत लिहून दिले. शास्त्र आणि सोय यांचा असा हिशेब मला दुसऱ्या कोणत्याही वर्गात कोणी करून दाखवलेला नाही.

साकी आणि दिंडीबद्दलही असेच सांगता येईल. किर्लोस्करांच्या नाटकांत मोठ्या पदांच्या जोडीला हे छोटे प्रकार भरपूर आहेत, आणि आजच्या प्रयोगांत वेळ वाचवायचा म्हटले की पहिली कात्री त्यांनाच लागते. बाई ते सगळे शिकवतात. साकी रंगवायची नसते, सांगायची असते, कारण तीत बहुधा कथेतली माहिती असते. त्यामुळे तान घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या हाताने ‘चला पुढे’ अशी खूण करतात. पदांच्या चालींचा मामला जास्त अवघड आहे. छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे चार शब्द दिलेले असतात. किर्लोस्कर बेळगावकडचे, कानडी पदे, लावण्या, कीर्तनातल्या चाली त्यांच्या कानात होत्या आणि १८८२ सालच्या प्रेक्षकाच्याही. आज त्या चार शब्दांच्या पुढचे गाणे क्वचितच कोणाला येते. अशा पदांपाशी बाई स्वतःची चाल बसवत नाहीत. ज्यांच्याकडून त्यांनी ते ऐकले त्यांच्यापाशी जसे होते तसे देतात, किंवा ‘हे मला मिळालेलं नाही’ म्हणून पुढे जातात. आमच्या प्रतीत अशा तीन जागा कोऱ्या राहिल्या आहेत.

वर्गात नव्याने येणारे बहुतेक जण जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून येतात. कोणी जुन्या पिढीतले गायक नट छोटा गंधर्व यांचा कृष्ण जसाच्या तसा उचलून आणतो, कोणी बालगंधर्वांच्या हरकती मोजून बसवलेल्या असतात. बाई त्याला हसत नाहीत, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे तिथे ऐकू येते ते त्या पदाचे बांधून दिलेले गाठोडे आहे. नाटकात ते पद तेवढेच किंवा तसेच म्हटले जात होते असे समजू नये. त्यांच्या मते नकलेने गळा तयार होतो आणि पात्र हरवते. मी स्वतः छोटा गंधर्वांच्या नकलेतून बाहेर यायला चार महिने घेतले आणि पूर्ण बाहेर आलो आहे असे अजून म्हणवत नाही.

शिक्षक वर्गात सांगतो ते स्वतः करतो का, हे तपासण्याची संधी गाण्याच्या विद्यार्थ्याला फारशी मिळत नाही. इथे ती मिळते. गेल्या डिसेंबरात बाई ज्या ‘सौभद्रा’ला साथ करत होत्या त्याचा प्रयोग मी ३०० रुपयांचे तिकीट काढून, मुद्दाम डाव्या बाजूची खुर्ची घेऊन पाहिला, कारण त्यांचा ऑर्गन विंगेच्या तोंडाशी डावीकडे असतो. प्रयोग वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, ध्वनियोजना पहिल्या अंकात इतकी वाईट होती की नारदाचे ‘राधाधर मधु मिलिंद’ तबल्याखाली दबून गेले, आणि बलरामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाठांतराचा त्रास होता. पण मी रंगमंचाकडे कमी आणि ऑर्गनकडे जास्त पाहत होतो.

ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि गुडघ्याने रेटायच्या पट्टीने आवाज लहानमोठा करता येतो. हातपेटीत सूर सोडला की सोडला. इथे पाय चालू आहेत तोवर सूर भरलेला राहतो. एखादे पद रंगले आणि ‘वन्स मोअर’ची हाक आली की सगळ्यांचे डोळे नटाकडे जातात. मी पाहत होतो बाईंचे पाय. दुसऱ्या अंकात एका पदाला मोठी दाद आली, चार-पाच जणांनी ‘वन्स मोअर’ म्हटले, नटाने हात जोडले आणि त्याची मान किंचित डावीकडे वळली. बाईंचे पाय थांबले होते. ऑर्गनचा सूर विरला आणि समोरच्या पात्राने लगेच पुढचे वाक्य उचलले. तिसऱ्या अंकात सुभद्रेच्या पदानंतर तशीच हाक आली तेव्हा पाय चालत राहिले, सूर खाली धरला गेला, आणि सुभद्रेने मुखडा पुन्हा घेतला. मंगळवारी मी बाईंना या दोन्ही वेळांबद्दल विचारले. दुसऱ्या अंकातल्या त्या पदानंतर लगेच एक पात्र घाईने निरोप घेऊन येते. पद दोनदा झाले असते तर ती घाई खोटी वाटली असती, एवढेच त्या म्हणाल्या आणि नवीन पदाची पट्टी विचारू लागल्या.

दर तुकडीच्या शेवटी बाई नाट्यप्रवेशांचा कार्यक्रम करतात. पूर्ण नाटक नाही, शिकलेल्या नाटकातले पाच-सहा प्रवेश, पण रंगभूषा, कपडेपट, ऑर्गन, तबला सगळे रीतसर. माझ्या प्रवेशात माझा मुकुट डोक्याला लहान होता आणि मी संपूर्ण वेळ मान ताठ धरून होतो. ज्यांनी तो भाड्याने दिला त्यांनी माप विचारण्याची तसदी घेतली नव्हती. त्या भानगडीत अंतऱ्याची दुसरी ओळ माझ्या डोक्यातून साफ गेली. तबलजीने एक आवर्तन तसेच काढले. तेवढ्यात ऑर्गनवर त्या ओळीची चाल स्पष्ट, एकेका अक्षराच्या वजनासह वाजली, आणि सूर ऐकून शब्द आठवले. प्रेक्षकांना तो मुद्दाम घेतलेला वाद्याचा तुकडा वाटला असावा. माझ्या बहिणीला तरी तसाच वाटला. नंतर मी बाईंची क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी पदाबद्दल अवाक्षर काढले नाही. ‘तुमचं गद्य कच्चं आहे. त्याच्या आधीचं वाक्य तुम्ही चाचरत बोललात, तेव्हाच मी तयारीत होते,’ असे म्हणाल्या.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे वेळापत्रक. नाटकांच्या हंगामात, विशेषतः राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागाच्या दिवसांत, बाई तालमींना आणि प्रयोगांना बाहेर असतात आणि वर्ग रद्द होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आमचे अकरा वर्ग बुडाले, त्यांतले सहा भरून निघाले, फी मात्र पूर्ण घेतली गेली. रद्द झाल्याचा निरोप कधी कधी दुपारी चार वाजता येतो, आणि हडपसरहून येणाऱ्या माणसाला चारचा निरोप फारसा उपयोगी पडत नाही. रंगमंचावर काम करणाऱ्या शिक्षकाकडून शिकायचे तर हे थोडेफार सोसावे लागणार हे मान्य, पण महिन्याच्या सुरुवातीला प्रयोगांच्या तारखा दारावर लावता येतात. मी हे सुचवले होते आणि दोन महिने तसे झालेही.

दुसरी तक्रार पैशांची. नाट्यप्रवेशांच्या कार्यक्रमासाठी प्रत्येकी ३,५०० रुपये वेगळे द्यावे लागले आणि ते प्रवेश घेताना कोणी सांगितले नव्हते. रक्कम अवाजवी आहे असे मी म्हणत नाही. नाट्यगृह, रंगभूषाकार, तबलजी यांचा खर्च पाहता ती कमीच असेल. आधी सांगावे, इतकेच. भूमिकांच्या वाटपातही दोन तयार मुलींनाच नायिकेची पदे मिळत राहिली आणि एका पन्नाशीच्या बाईंना, ज्यांचा आवाज खरोखर भरदार आहे, चार महिने नांदीच्या मेळ्यात उभे राहावे लागले. मला हा अन्याय वाटला. बाईंना वाटला नाही.

तिसरी बाब ही तक्रारीपेक्षा मतभेदाची आहे. बाईंचा अभ्यासक्रम साधारण मास्टर कृष्णरावांपाशी संपतो. १९६४ सालचे ‘मत्स्यगंधा’, १९६७ सालचे ‘कट्यार काळजात घुसली’ यांतली एक-दोन पदे त्या शिकवतात, पण हात राखून, पाहुण्याला पाणी द्यावे तशी. या दोन्ही नाटकांचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी स्वतः घरी शिष्य ठेवून शिकवणारे गुरू होते, गोव्याचेच होते, आणि नाटकातला प्रसंग, पात्र व पदाचा आवाका यांचा मेळ त्यांनी जसा घातला तो बाईंच्या शिकवण्याच्या पद्धतीला जवळचा आहे, असे मला वाटते. पद तीन-चार मिनिटांत आटोपते आणि नाटक अडत नाही, हे त्या पदांचे मोठेच बलस्थान आहे. बाईंचे म्हणणे असे की ती पदे विद्यार्थ्यांच्या कानावर आधीच आहेत, जुनी नाहीत, आणि आपल्याकडे वेळ थोडा आहे. त्यात तथ्य आहे, पण माझ्यासारख्या, नाट्यसंगीताची गोडी अभिषेकींमुळे लागलेल्या माणसाचे त्याने समाधान होत नाही.

किरकोळ गोष्टी अशा की जिना अंधारा आहे, पावसाळ्यात आतली खोली ओल धरते आणि तंबोरे सारखे उतरतात, गाडी लावायला जागा नाही. लेखी स्वरलिपी मिळत नाही आणि वर्गात ध्वनिमुद्रण करू देत नाहीत, पण तालमीच्या शेवटी एकदा पूर्ण पद बाई स्वतः म्हणतात तेवढे मुद्रित करायला परवानगी असते. टाळेबंदीच्या काळात त्यांनी ऑनलाइन वर्ग करून पाहिले होते, पण सूर आणि ठेका एका वेळी पोचत नसल्याने ते बंद केले, असे जुने विद्यार्थी सांगतात. आता ती सोय नाही.

हा वर्ग कोणी लावावा, असे मला दोघातिघांनी विचारले. परीक्षांची तयारी करायची असेल तर येथे येऊ नये, बाई त्या वाटेला जातच नाहीत. अगदी नवशिक्यालाही जड जाईल, कारण सरगम आणि ठेक्याचे मूलभूत शिक्षण तुम्ही आधी घेतले आहे असे गृहीत धरलेले असते. लग्नसमारंभात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात म्हणायला दोन पदे पाठ हवी असतील तर महिन्याला २,२०० रुपये आणि आठवड्याला तीन दिवसांचा वेळ हा फार महागाचा सौदा आहे. ज्याने काही वर्षे गाणे शिकून सोडून दिले आहे, ज्याला राग येतात पण ते कोणाशी बोलायला वापरायचे हे कधी कळले नाही, त्याने मात्र एक तुकडी पूर्ण करावी आणि पहिले तीन आठवडे तोंड मिटून, म्हणजे खरे तर तोंड उघडून पण न गाता, काढावेत.

पुढची तुकडी जूनमध्ये सुरू होते आहे आणि पुन्हा ‘सौभद्र’च आहे. मी नाव घातले आहे. कृष्ण या खेपेला दुसऱ्याकडे गेला असून माझ्याकडे नारद आला आहे. वीणा ज्याची त्याने आणायची, असे बाईंनी या वेळी आधीच सांगून ठेवले आहे.